पावाच्या डब्यातला राउटर

लिनियाचे ओठ ‘प’वर मिटले आणि मिटलेलेच राहिले, तेव्हा मार्लिस केटुनेनने दोन्ही हात टेबलावर सैल सोडले आणि ती थांबली. थांबणं तिला येत होतं. डलूथच्या एकाच शाळेत चौतीस वर्षं तिने पहिली-दुसरीच्या मुलांना वाचायला शिकवलं होतं, आणि अडखळणारं मूल समोर असलं की काय काय करायचं नाही, हे तिच्या अंगात मुरलं होतं. भुवया उंचवायच्या नाहीत. घड्याळाकडे बघायचं नाही. त्याचा शब्द आपल्या ओठांवर आणायचा नाही, आणि काही झालं तरी तो त्याच्या तोंडातून काढून घेऊन आपण पुरा करायचा नाही. ज्याचा शब्द त्याने पुरा करावा. शाळा सुटून आता नऊ वर्षं झाली होती, तरी वाचनालयाच्या वतीने मंगळवारी आणि गुरुवारी चार वाजता ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसायची, आणि दोन तासांच्या अंतरावर, ईली गावात, आठ वर्षांची लिनिया पुस्तक धरून समोर यायची. आजचं पान पाणमांजराचं होतं. तळं वरून गोठलंय, पाणमांजर खाली पोहतंय, आणि श्वास घ्यायला वर यायचं भोक त्याला सापडत नाहीये. ‘मग प...’ म्हणून लिनिया थांबली होती. फ्रीज घुरघुरून गप्प झाला. छपरावरचा बर्फ वितळून पन्हळीतून ठिबकत होता. किती वेळ गेला ते मार्लिसने मोजलं नाही. न मोजणं हाही नियमच होता. मनाच्या एका कोपऱ्यात तिला उलट बरं वाटत होतं. खरं सांगायचं तर जरा गर्वच वाटत होता, की एका पोरीच्या एका शब्दासाठी इतका वेळ चेहऱ्यावरचं हसू न ढळू देता दुसरं कोण बसलं असतं? आणि तेवढ्यात चित्र एकदम हललं. लिनिया उडी मारल्यासारखी दुसऱ्याच जागी दिसली. पुस्तक मांडीवर उतरलं होतं, गाल लाल झाले होते, आणि सायकलवरचा तोल पहिल्यांदा सांभाळून आलेलं पोर मागे वळून बघतं, तशी ती बघत होती. मार्लिसने आपल्या आवाजात होती नव्हती तेवढी माया आणली आणि म्हणाली, “घाई नाही गं. तो शब्द पुन्हा घे. सावकाश.”

लिनियाचा चेहरा विझला. दुसरा शब्द नाही त्याला. “क-कुठला शब्द?” तिने विचारलं. “पाणमांजर,” मार्लिस म्हणाली, आणि म्हणताक्षणी तिला कळलं की आपण काहीतरी मोडलं. काय मोडलं ते मात्र कळलं नाही. “आ-आई बोलावतेय,” लिनिया म्हणाली आणि स्क्रीन काळा झाला. त्या काळ्या काचेत मार्लिसला एक म्हातारी दिसली. तिचं हसू अजून जागच्या जागी होतं.

संध्याकाळभर तिने तो चेहरा मनात धरून फिरवून पाहिला. कप धुतला, पुसला, पुन्हा धुतला. मुलांचे चेहरे तिला वाचता यायचे, अक्षरांच्याही आधी. भूक लागलेला चेहरा, घरी भांडण झालेला चेहरा, उत्तर येत असून हात वर न करणारा चेहरा. पण हा चेहरा आधी उजळला होता, आणि उजळण्यासारखं तर काही घडलंच नव्हतं. एक पोर एका शब्दावर अडली होती, एवढंच. की मधे काही निसटलं? गेल्या काही महिन्यांपासून माणसांच्या बोलण्यात अशी भोकं पडत होती. वाचनालयाच्या बैठकीत कुणी ‘पुढच्या’ म्हणायचं आणि पुढच्या काय ते हरवायचं. सगळे हसायचे आणि तिला विनोद सापडायचा नाही. तिची आई गेली ती अशीच, आधी एकेक शब्द हरवत आणि मग माणसं हरवत. मार्लिसने याबद्दल कुणाला चकार शब्द सांगितला नव्हता. ती फक्त जास्त लक्ष देऊन ऐकायला लागली होती, कपाळाला आठ्या घालून, आणि ती तशी ऐकायला लागली की भोकं आणखी मोठी वाटायची.

रेनो असता तर तो काही बोलला नसता, नुसता बसला असता. तिचा नवरा बोटीच्या गोदीत पत्र्याचं काम करायचा, आणि त्याचा पहिला शब्द बाहेर यायला माणसाची पहिली कॉफी संपायची. एकोणीसशे चौऱ्याहत्तरच्या फेब्रुवारीत, कॉफीच्या दुकानात, तो तिच्या नावाच्या ‘म’वर अडला होता. ओठ घट्ट मिटलेले, मानेची शीर ताठ, आणि डोळ्यांत ती ओळखीची लाज, की आता ही पोरगी माझं वाक्य पुरं करील, सगळे करतात तसं. मार्लिस तेव्हा बावीस वर्षांची होती आणि तिला थांबण्याचं शास्त्र वगैरे काही ठाऊक नव्हतं. तिला त्याचे हात आवडले होते, आणि ते बघण्यात ती इतकी गुंगली की बोलायचं राहूनच गेलं. कॉफीवर साय धरली. मग तो म्हणाला, “म-मार्लिस,” आणि मागाहून, लग्न झाल्यावर कित्येकदा, “तू थांबलीस.” त्याची आई फिनलंडहून आलेली, तिचं एक वाक्य होतं, ‘एई कीरेत्ता’, घाई नाही. रेनोला ते कधी अडखळून म्हणावं लागलं नाही. मार्लिसने ते उचललं आणि वर्गात नेलं, आणि चौतीस वर्षांत किती मुलांना दिलं याची गणती नाही. आज पहिल्यांदाच ते कुणाला तरी थपडेसारखं लागलं होतं.

बुधवारी सकाळी लिनियाच्या आईचा फोन आला. ब्रिटा शांत मुलगी होती, पण आवाज जपून टाकलेल्या पावलांसारखा येत होता.

“बाई, एक विचारू? रागावणार नाही ना?”

“विचार की.”

“काल नक्की काय झालं? उद्या बसणार नाही म्हणते. कधीच नाही म्हणते. खोदून खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, मी अख्खं पान वाचलं, पहिल्या शब्दानंतर एकदाही अडकले नाही, आणि बाई म्हणाल्या पुन्हा वाच.”

मार्लिसने विचारलं, “अख्खं पान?”

“मी ऐकलं ना. बटाटे सोलत होते, हात थांबला माझा. पाणमांजर, पाणी, पंजा, सगळे ‘प’ सरळ गेले बाई, लोण्यातून सुरी जावी तसे. मला वाटलं, तुम्ही आता आनंदाने ओरडाल.”

“ब्रिटा, मला ते ऐकूच आलं नाही.”

“म्हणजे?”

“माझ्याकडे ती ‘प’वरच होती. चित्र थांबलं होतं गं. आणि मला वाटलं, ती थांबलीय.”

भोक कुठे पडलं होतं ते आता दोघींनाही कळलं. “अगं बाई,” ब्रिटा म्हणाली, “मग हे तिला सांगा ना तुम्ही.”

“सांगते. पण सांगताना पुन्हा तसंच झालं तर? मी माफी मागायची आणि तिने माझा फोटो बघत बसायचं. आधी माझ्या घरात काय बिघडलंय ते बघू दे. उद्या चारला तिला फक्त पाच मिनिटं बसव.”

“एकदा बसवेन,” ब्रिटा म्हणाली. “दुसऱ्यांदा नाही जमायचं. बापाचा हट्ट आलाय तिच्यात.”

फोन ठेवल्यावर मार्लिसला एकाच वेळी दोन गोष्टी जाणवल्या, आणि त्यातल्या एकीची तिला लाज वाटली. एक ही, की एका मुलीने आयुष्यात पहिल्यांदा अख्खं पान सरळ वाचलं आणि ते ऐकायला नेमलेलं माणूस एका मेलेल्या चित्रापुढे सहनशील हसू घेऊन बसलं होतं. आणि दुसरी, की डोकं शाबूत आहे. भोकं डोक्यात नव्हती, तारेत होती. बैठकाही लॅपटॉपवरच व्हायच्या, म्हणजे त्यांतल्या न कळलेल्या विनोदांसकट सगळी. तिच्या खांद्यांवरून काहीतरी उतरलं आणि तिला भलत्या वेळी हसू आलं. मुलीचं एवढं नुकसान झालेलं असताना आपल्याला हलकं वाटावं, हे काही बरं नव्हे, असं तिने स्वतःला सांगून पाहिलं, पण हलकं वाटायचं काही थांबेना.

नणंद आयली दर बुधवारी दहाला यायची, वेलदोडा घातलेला गोड पाव काखेत मारून. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, काटक, आणि जगातली सगळी वाक्यं आपल्यावाचून अर्धी राहतील अशी खात्री असलेली. रेनोची सगळी लहानपणची वाक्यं हिनेच पुरी केली होती, बहुतेक चुकीची. त्याला मासे नको असायचे आणि ताटात मासे पडायचे, कारण ‘म-’ म्हटल्यावर आयली ‘मासे!’ म्हणायची आणि तो पुढे वाद घालत बसायचा नाही.

“मला वाटतं, तो राउटर...” मार्लिस म्हणाली.

“बिघडला.”

“नाही, तो...”

“जुना झाला. अकरा वर्षं म्हणजे म्हातारा गं तो, माझ्या कुत्र्याएवढा.”

“आयली, मला बोलू देशील? तो तळघरात आहे.”

“तळघरात कुठे? मी तर कधी पाहिला नाही.”

मार्लिसने तिला खाली नेलं. घर तापवणाऱ्या भट्टीशेजारच्या फळीवर पत्र्याचा एक पावाचा डबा होता, पांढरा, निळ्या फुलांचा, रेनोच्या आईचा. झाकण घट्ट बसलेलं. मागच्या बाजूला तार जाण्यापुरतं एक गोल भोक, कडा कानसून इतकी गुळगुळीत केलेली की बोट फिरवत राहावं. भट्टीची धूळ बसू नये म्हणून रेनोने राउटर त्यात ठेवला होता. झाकणावर त्याच्या नीट अक्षरात कागदाची पट्टी होती: ‘इथे इंटरनेट राहतं.’ चार वर्षांपूर्वीच्या एप्रिलमध्ये तो गेला, आणि तेव्हापासून मार्लिसने तो डबा पुसला होता, कित्येकदा, पण उघडला नव्हता. त्यानं बंद केलेली गोष्ट आपण उघडायची म्हणजे त्याचं वाक्य पुरं करण्यासारखंच, असं काहीतरी मनात असावं. शब्दांत तिने ते कधी आणलं नव्हतं.

आयलीने झाकण काढलं. आत हिरवे दिवे शहाण्यासारखे लुकलुकत होते. “पत्र्यात!” ती म्हणाली. “माझ्या भावाने वायफाय पत्र्यात कोंडलं. आणि तू चार वर्षं त्याला पाव समजून जपलंस.”

“माझ्या स्वयंपाकघरापर्यंत येत होतं की थोडं.”

“भोकातून येत असेल.”

राउटर विकणाऱ्या दुकानात दोघींना एक वयस्क विक्रेती बाई भेटली, चष्मा कपाळावर चढवलेला, बोलण्यात आडपडदा नाही. तिने घर कधीचं विचारलं, भिंती कशाच्या विचारलं. मार्लिसने सांगितलं, एकोणीसशे तेवीसचं, आणि मागे न्हाणीघराची भिंत फोडली तेव्हा गिलाव्याच्या आत तारेची जाळी निघाली होती. बाईने चष्मा डोळ्यांवर घेतला. “म्हणजे तुम्ही पिंजऱ्यात राहता, आणि तुमचा राउटर पिंजऱ्यातल्या पेटीत राहतो. सिग्नलने करायचं काय? नवा घ्या. हा जुन्यापेक्षा कितीतरी लांब पोचतो. पण ऐका, नवा घेऊन पुन्हा तळघरात ठेवलात तर पैसे वाया. घराच्या मधोमध ठेवायचा, उंचावर, उघड्यावर. लाजायचं नाही त्याला.” मग तिने मार्लिसच्या फोनवर जुन्या नेटवर्कचं नाव पाहिलं, ‘एई कीरेत्ता’, आणि त्याचा अर्थ मार्लिसने सांगितल्यावर ती खो खो हसली. “‘घाई नाही’? अहो बाई, मग ते हळूच चालणार! नाव ठेवतानाच तुम्ही त्याला सांगून ठेवलंत.” परतीच्या वाटेवर आयली ते वाक्य तीनदा म्हणाली, प्रत्येक वेळी थोडं सुधारून.

घराच्या मधोमध म्हणजे जिन्याचा मधला चौक. तिथून खाली स्वयंपाकघराचं दार थेट दिसत होतं, मधे भिंत नव्हती. पण बाहेरून येणारी तार तळघरात, आणि तळघरातून चौकापर्यंत ती आणायची कशी? एक वाट होती. वरून मळके कपडे टाकले की थेट तळघरातल्या टोपलीत पडावेत म्हणून जुन्या घरांत भिंतीतून पोकळी ठेवलेली असते. तिचं लाकडी दार चौकातच होतं. मार्लिसने दोरीला कपड्याचा चिमटा बांधून आत सोडला आणि वाकून हाक मारली, “आलं का?” खालून आयलीचा आवाज आला, जवळचा आणि खोल, घशाच्या तळातून आल्यासारखा: “आलं! तार बांधते! ओढ म्हटल्याशिवाय ओढू नकोस!”

मार्लिस दोरी धरून गुडघ्यांवर तशीच राहिली. या भोकातून रेनो तिला हाक मारायचा. खाली पत्रा कापत असला, कॉफी हवी असली, की तो भोकापाशी येऊन म्हणायचा, “मार्लिस, कॉफी.” स्वच्छ. एकाही ‘म’वर न अडता. लग्नानंतर पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा तिला वाटलं खाली दुसरंच कुणी आहे, आणि ती जिना उतरून बघायला गेली. तिचा चेहरा दिसताच तो पुन्हा अडखळला. भोकाला डोळे नसतात, एवढंच ते होतं. तिने ते कधी बोलून दाखवलं नाही. त्याला कॉफी हवी असली की ती वरच थांबायची, हाक यायची वाट बघत. आणि आता दोरी हातात धरून तिला एकदम कळलं, की लिनियाही अशाच भोकातून वाचत होती. तिकडेही चित्र थांबलंच असणार. एक हसरा चेहरा, पण न बघणारा, पापणी न लववणारा. त्याच्यापुढे पोरीचे सगळे ‘प’ सुटले. मग मी हे काय करतेय? तिला वाटलं. मी भिंतीतून तार ओढून तिच्यापुढे काय नेऊन ठेवणार, तर पुन्हा एक बघणारं माणूस? बिघडलेलं होतं तेच तिच्या उपयोगी होतं, असं तर नाही? गुडघे दुखायला लागले. भोकातून भट्टीची ऊब आणि साबणाचा जुना वास वर येत होता.

“ओढ!” आयली खालून ओरडली. “झोपलीस का?”

“थांबलेय!” मार्लिस ओरडली.

“तुम्ही दोघं नवरा-बायको नुसते थांबतच राहिलात आयुष्यभर. ओढ गं बाई!”

तिने ओढली. तार भिंतीतून खसखसत वर आली, टोकाशी चिमटा आणि चिमट्याला अडकलेला एक मोजा, बारका, राखाडी. तो किती वर्षं तिथे अडकून होता कोण जाणे. मार्लिसने तो झटकला आणि खिशात टाकला.

नवा राउटर फुलदाणीच्या चौरंगावर बसला. दुकानातल्या बाईने सांगून ठेवलं होतं, जुनंच नाव आणि जुनाच सांकेतिक शब्द द्या, म्हणजे घरातली यंत्रं आपली आपण ओळखतील, त्यांना काही बदललंय हे कळणारही नाही. आयली नाव बदलायला टपली होती. “‘आता तरी पळ’ ठेव,” ती म्हणाली. मार्लिसने ‘एई कीरेत्ता’ लिहिलं. मग सांकेतिक शब्दाची चौकट आली. तो रेनोने ठरवलेला. आजवर तिने तो कधी स्वतः लिहिला नव्हता, तो जुन्या बिलाच्या पाठीवर होता. तिने बघून बघून अक्षरं टिपली: मार्लिसमार्लिसमार्लिस. सलग, मधे कुठेही न थांबता, तीनदा. लिहिताना त्याची बोटं अडखळत नसत. तिने ते पुरं केलं तेव्हा आयली पहिल्यांदाच काही न बोलता खिडकीबाहेर बघत होती.

मग फोन हातात धरून दोघी घरभर फिरल्या, देवळात प्रदक्षिणा घालाव्यात तशा. स्वयंपाकघरात सिग्नलच्या रेघा भरलेल्या. मागच्या झोपायच्या खोलीत, जिथे कधी एक रेघ टिकत नव्हती, तिथे भरलेल्या. न्हाणीघरात आयलीने आपल्या नातवाला फोन लावला आणि त्याला मागे लोंबणारा टॉवेल नीट अडकवायला सांगितलं, इतका तो स्पष्ट दिसत होता. “ऐकू येतंय का?” ती ओरडली. “आजी, शेजारच्या गावात पण ऐकू येतंय,” तो म्हणाला. रिकामा पावाचा डबा मार्लिसने घासून पुसून वर आणला आणि आयलीने आणलेला उरलेला पाव त्यात ठेवला. बऱ्याच वर्षांनी तो आपल्या कामाला लागला.

गुरुवारी चार वाजता लिनिया आली, पण पुस्तकाशिवाय. मागे खुर्चीच्या पाठीवर त्यांचं पिवळं मांजर बसलं होतं. लिनियाची नजर खाली. चित्र इतकं स्वच्छ होतं की मार्लिसला तिच्या नाकावरचे ठिपके पहिल्यांदाच दिसले, आणि आठ महिने आपण हिला शिकवतोय आणि ठिपके माहीत नाहीत, याचं तिला नवल वाटलं.

“लिनिया, मंगळवारी तू पान वाचलंस ते मी ऐकलं नाही,” ती म्हणाली. मुलांना समजावताना आधी गोल गोल फिरायचं नाही, हा तिचा जुना शिरस्ता. “माझं इंटरनेट पत्र्याच्या डब्यात होतं. चित्र थांबलं, आणि मला वाटलं तू थांबलीस. मी मूर्खासारखी बसून राहिले.”

लिनियाने वर पाहिलं. “प-पत्र्याच्या डब्यात का?”

“धूळ बसू नये म्हणून.”

ती हसली नाही, पण हसण्याच्या जवळ आली. “तुम्ही खोटं नाही ना सांगत? ब-बरं वाटावं म्हणून?”

मार्लिस उठली, पावाचा डबा उचलून आणला आणि त्याचं मागचं भोक कॅमेऱ्यापुढे धरलं, मग भोकातून आपला एक डोळा. आता ती हसली. मागे कुठेतरी ब्रिटाही हसल्याचं ऐकू आलं.

“तुम्ही ह-हलत नव्हता,” लिनिया म्हणाली. “मी म्हटलं, बाई किती छान ऐकतायत. म्हणून सोपं गेलं. मग आज मला तसं नाही ये-येणार.”

हीच गोष्ट मार्लिस कालपासून खिशातल्या मोज्यासारखी बाळगून होती, आणि पोरीने ती किती सहज टेबलावर ठेवली. येईल गं, असं म्हणणं खोटं झालं असतं. “नाही आलं तर नाही आलं,” ती म्हणाली. “मला ते न येणंसुद्धा ऐकायचंय. त्या दिवशी तेही माझ्याकडून हुकलं. मी हलू की नको, ते तू सांग.”

लिनियाने विचार केला. “थोडं हला. नुसती पापणी हलवा. म्हणजे मला कळेल, तुम्ही ग-गोठला नाहीत.”

“ठरलं.”

पुस्तक आईने आणून दिलं. लिनियाने पान काढलं, बोट ठेवलं. “तळ्यावर बर्फ होता. खाली अंधार होता. मग प...” आणि तिचे ओठ मिटले.

ओठ तसेच, हनुवटी तशीच, मंगळवारचं चित्र जसंच्या तसं. फ्रीजची घुरघुर. पन्हळ. पुन्हा? तिचा हात उठायला लागला, काहीतरी दाबून बघावं, हलवून बघावं म्हणून. इतक्यात लिनियाच्या मागे पिवळी शेपटी खुर्चीच्या पाठीवरून हळूच खाली उतरली आणि पुन्हा वर गेली. लिनियाच्या कपाळावरची एक बट श्वासाबरोबर हलत होती. गळ्यापाशी एक बारीक ठोका उडत होता. मार्लिसने हात पुन्हा टेबलावर ठेवला. चित्र चालू होतं. ही शांतता पोरीची होती, तिची स्वतःची, आणि मार्लिसला ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ऐकू येत होती. तिला इतकं बरं वाटलं की ठरलेलं विसरायचीच वेळ आली. मग आठवलं. तिने सावकाश पापणी लववली.

दोन तासांच्या अंतरावरून लिनियानेही लववली.

“पाणमांजर,” ती म्हणाली, “पाणमांजर वर गेलं. त्याला भ-भोक सापडलं. त्याने नाक बाहेर काढलं आणि श्वास घेतला.” आणि पुढे वाचत गेली. पान संपेपर्यंत आणखी तीनदा अडखळली, एकदा ‘ब’वर, दोनदा ‘प’वर, त्यातलं शेवटचं बरंच लांबलं. मग पुस्तक मांडीवर उतरलं आणि तिने समोर पाहिलं.

“बाई, झालं.”

“ऐकलं गं,” मार्लिस म्हणाली. “सगळं ऐकलं.”